भूसुरुंग, नकाशा आणि डेटाबेस: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

जीआयएस (संगणकावरची नकाशाप्रणाली) शिकणारे विद्यार्थी, लष्करातून निवृत्त झालेले लोक आणि आफ्रिकेत कामाला निघालेल्या मुलांचे पालक हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर ७ आणि १४ एवढे तरी वाचा.

१. गोव्यात भूसुरुंग आहेत तरी कुठे? इथल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध?

गोव्यात आज सुरुंगग्रस्त जमीन नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजांना अडवण्यासाठी पोर्तुगीजांनी पूल उडवले, आणि त्या चढाईच्या लष्करी वर्णनांत वाटेतल्या सुरुंगांचाही उल्लेख येतो. पण तो आता इतिहास झाला.

संबंध आहे तो आफ्रिकेकडून. अंगोला आणि मोझांबिक या दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती. 'आमचे आजोबा आफ्रिकेला होते' असं सांगणारी घरं गोव्यात कमी नाहीत. अंगोलातलं यादवी युद्ध १९७५ पासून २००२ पर्यंत चाललं, मोझांबिकमधलं १९७७ ते १९९२. दोन्हीकडे शेतांत, पुलांखाली, विजेच्या खांबांभोवती, रेल्वेमार्गालगत सुरुंग पेरले गेले. मोझांबिकने सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. अंगोलातलं काम अजून चालू आहे. तिथले जुने अहवाल, फॉर्म आणि नकाशांवरच्या टिपा पोर्तुगीजमध्ये आहेत. या कामाला पोर्तुगीज वाचता येणारी आणि डेटाबेस कळणारी माणसं लागतात. गोव्यात ती तयार होऊ शकतात. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवणारा विभाग आहे आणि जीआयएसचं शिक्षणही इथे मिळतं. मात्र दोन्ही शिकणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

२. सुरुंगांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर जमिनीतले सुरुंग शोधतं का?

नाही. शोधतात माणसं: मेटल डिटेक्टर घेऊन, गुडघ्यावर बसून, हाताएवढ्या पट्ट्यात पुढे सरकत. काही ठिकाणी शिकवलेली कुत्री असतात, काही ठिकाणी चिलखती यंत्रं. टांझानियातल्या अपोपो या संस्थेने तर मोठे उंदीर वासावर शिकवले आहेत. त्यांनी मोझांबिकमध्ये काम केलं आहे.

सॉफ्टवेअरचं काम नोंद ठेवण्याचं. संशय कुठे आहे, तो कोणी आणि कधी सांगितला, कोण जाऊन पाहून आलं, किती चौरस मीटर जमिनीत काम झालं, काय सापडलं, कोणी तपासलं आणि जमीन कोणाच्या ताब्यात दिली. आपल्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखंच हे. आज जमीन कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर वकील थांबत नाही, मागच्या सगळ्या म्युटेशन बघतो. सुरुंगांच्या डेटाबेसमध्येही आजच्या स्थितीइतकीच ती स्थिती कशी आली ही साखळी मोलाची असते. ती तुटली की नकाशा कितीही देखणा असला तरी निरुपयोगी.

३. 'संशयित', 'निश्चित', 'रद्द', 'कमी केलेली', 'साफ केलेली' जमीन... यांत फरक काय?

या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'आयमास' म्हणतात. जमीन मोकळी करण्याचं मानक ०७.११ क्रमांकाचं, माहिती व्यवस्थापनाचं ०५.१०.

गावकऱ्यांच्या सांगण्यावरून किंवा अप्रत्यक्ष खुणांवरून धोका वाटतो ती जमीन संशयित. प्रत्यक्ष पुरावा मिळाला, म्हणजे सुरुंग दिसला, स्फोट झाला किंवा पेरणाऱ्या सैनिकाने जागा दाखवली, की ती निश्चित. नुसत्या चौकशीवरून आणि बाहेरून केलेल्या पाहणीवरून धोका नसल्याचं सिद्ध झालं तर जमीन रद्द होते. आत शिरून, उपकरणं वापरून काही भाग तपासला आणि त्याआधारे उरलेला सोडून दिला तर ती कमी केलेली. इंच न् इंच शोधली गेली तर साफ केलेली.

उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ. संशयित १,००,००० चौरस मीटर, त्यातले ६०,००० रद्द, २५,००० कमी, १५,००० साफ. बेरीज मूळ आकड्याइतकी यायलाच हवी. तिन्ही आकडे एकत्र करून 'आम्ही १,००,००० चौरस मीटर साफ केले' असं लिहिणारे अहवाल मी पाहिले आहेत. ते चुकीचं तर आहेच, पण पुढे याच जमिनीत काही सापडलं (प्रश्न १९) तर नक्की कोणत्या पद्धतीने ती मोकळी झाली हे कळायला मार्ग उरत नाही.

रद्द केलेली जमीन म्हणजे वाया गेलेलं काम, असाही एक समज आहे. उलट आहे. मोझांबिकमध्ये २००१ च्या मोठ्या पाहणीत नोंदलेल्या संशयित जमिनीचा बराच भाग पुढे फेरपाहणीत रद्द झाला आणि त्यामुळेच उरलेलं काम आवाक्यात आलं.

४. 'इम्स्मा' म्हणजे काय?

सुरुंगविषयक कामाच्या माहितीसाठी बनवलेली खास प्रणाली. जिनिव्हातल्या जीआयसीएचडी या सुरुंगनिर्मूलन केंद्रासाठी (स्थापना १९९८) झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ती तयार झाली आणि १९९९ मध्ये कोसोव्होत पहिल्यांदा वापरात आली. तोवर प्रत्येक संस्थेची स्वतःची एक्सेलची फाइल आणि स्वतःचा नकाशा असे, दोघांचं जुळलं तर नशीब. पुढे प्रणालीच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सध्याची 'इम्स्मा कोअर' एसरी कंपनीच्या आर्कजीआयएस सॉफ्टवेअरवर उभी आहे: मोबाईलवर फॉर्म, मध्यवर्ती डेटाबेस, वेबवर नकाशे आणि डॅशबोर्ड. प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे रचना बदलून घेतो. म्हणूनच एका देशात शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही.

५. ते घरी डाउनलोड करून शिकता येईल का?

इम्स्मा येणार नाही, ती राष्ट्रीय संस्थांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना मिळते. पण तिच्यामागचं सगळं तत्त्व फुकट साधनांवर शिकता येतं: नकाशासाठी क्यूजीआयएस, डेटाबेससाठी पोस्टग्रेस आणि त्यावर पोस्टजीआयएस, मोबाईल फॉर्मसाठी कोबोटूलबॉक्स. साधा लॅपटॉप पुरतो.

सरावाला नकाशावर खोटे सुरुंग मांडत बसू नका. माझ्या मते गोव्यातला उत्तम सराव म्हणजे सोडून दिलेल्या चिरेखाणी. पावसात त्या तुडुंब भरतात, काठ दिसत नाही, पोरं पोहायला उतरतात आणि बुडतात. धोका खरा आहे आणि रचना तीच. गावकरी सांगतात ती संशयित जागा. तुम्ही रस्त्यावरून पाहून खात्री केली की निश्चित. कुंपण घातलं, भराव टाकला, पंचायतीने तपासलं ही पुढची कामं.

नवखे इथे एक चूक हमखास करतात. सगळं एकाच टेबलात भरतात आणि खाण बुजवली की त्याच ओळीत 'स्थिती' बदलून टाकतात. झालं, इतिहास गेला. टेबलं वेगळी ठेवा. एक जागांचं, त्यात आकार आणि कायमचा क्रमांक. दुसरं घटनांचं: त्या जागेवर कोणत्या तारखेला कोणी काय केलं. अपघातांचं वेगळं, सापडलेल्या वस्तूंचं वेगळं, संस्थांचं वेगळं. एका जागेला कितीही घटना जोडता आल्या पाहिजेत. आजची स्थिती कुठेही टाइप करायची नाही, शेवटच्या मंजूर घटनेवरून ती क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) काढायची. हे एवढं जमलं की इम्स्माच्या कुठल्याही आवृत्तीसमोर बसवलं तरी तुम्ही गोंधळणार नाही.

६. मी लष्करातून निवृत्त झालोय. भारतात या क्षेत्रात काम मिळेल का?

भारतात सीमेवरचे सुरुंग पेरणं आणि काढणं हे लष्कराचंच काम आहे. २००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर मोठ्या प्रमाणात पेरलेले सुरुंगही लष्करानेच काढले. सुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा करारात भारत नाही. पारंपरिक शस्त्रांवरच्या कराराचा सुधारित दुसरा प्रोटोकॉल (सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारा) मात्र भारताने स्वीकारला आहे. त्यामुळे अंगोला किंवा कंबोडियात असते तशी नागरी राष्ट्रीय संस्था आणि तिचा डेटाबेस आपल्याकडे नाही.

बाहेर मात्र वाव आहे. निवृत्त भारतीय लष्करी अभियंत्यांच्या संस्थांनी श्रीलंकेच्या उत्तर भागात सुरुंग काढले आहेत. बाँबे सॅपर्समधून आलेल्या किंवा दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकलेल्या माणसाला सुरुंग शिकवण्याची गरज नसते. कमी पडतं ते एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि नकाशाचं ज्ञान, आणि काही महिन्यांच्या मेहनतीने ते येतं. उलट दिशेने, म्हणजे नुसत्या संगणकाच्या माणसाने प्रत्यक्ष जमिनीवर काय चालतं हे समजून घेणं, मला जास्त अवघड वाटतं.

७. कोऑर्डिनेट कुठल्या पद्धतीत लिहायचे? एवढा बाऊ का करतात त्याचा?

कारण इथल्या चुका मीटरच्या नसतात, किलोमीटरच्या असतात.

पणजीचंच घ्या. अक्षांश १५ अंश ३० मिनिटं. दशांशात ते १५.५० होतं. घाईत कोणी १५.३० लिहिलं तर जागा २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते, म्हणजे जवळजवळ मडगावच्या वेशीवर. रेखांशातही तसंच झालं, ७३ अंश ५० मिनिटांचं ७३.५० झालं, की पणजी अरबी समुद्रात. समुद्रात पडलेला बिंदू निदान डोळ्यांना दिसतो. मडगावजवळ पडलेला दिसत नाही, तो तिथे शहाण्यासारखा बसून राहतो. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर पणजी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. ती चूक त्यातल्या त्यात बरी.

दक्षिण गोलार्धात उणे चिन्ह विसरणं हा नेहमीचा घोटाळा. अंगोलातलं वाम्बो शहर साधारण उणे १२.८ अक्षांशावर आहे. उणे गळलं की बिंदू चाड देशात पडतो. चाडमध्येही सुरुंग आहेत, त्यामुळे अनेक देशांचा डेटा एकत्र पाहणाऱ्याला पटकन संशयही येत नाही. शिवाय पोर्तुगीज पद्धतीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. इंग्रजी सेटिंगच्या एक्सेलमध्ये ती फाइल उघडली की कधी आकडा मजकूर बनतो, कधी हजारपट होतो. तारखांचंही तेच: ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे फॉर्मवर ठरवून टाका.

नियम म्हणून सांगायचं तर साठवण डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतो ती जागतिक संदर्भपद्धत) मध्ये, दशांश अंशांत, किमान पाच दशांश स्थळांपर्यंत करा. पाचवं स्थळ साधारण एक मीटरचं, चौथं अकरा मीटरचं. मोजमापासाठी यूटीएम (पृथ्वीचे विभाग पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) वापरा. गोवा ४३ उत्तर विभागात येतो, वाम्बो ३३ दक्षिणमध्ये, मोझांबिक ३६ आणि ३७ दक्षिणमध्ये. वसाहतकाळातल्या नकाशांचा मोजणीचा मूळ संदर्भ (डेटम) वेगळा असतो, अंगोलात कामाकुपा आणि मोझांबिकमध्ये तेते. नकाशाच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते न वाचता आकडे उचलले तर शंभर मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो. आणि मूळ कागदावर जे लिहिलं होतं ते एका वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा. रूपांतर चुकलं असेल तर परत जायला तेवढीच वाट उरते.

८. जुन्या नोंदीत 'पुलापासून ४० पावलं, मग चिंचेकडे' असं लिहिलंय. हे नकाशावर कसं आणायचं?

अशा नोंदी टाकाऊ नसतात. आजची पद्धतही मुळात तीच आहे, फक्त नेमकी. आधी सहज सापडेल अशी कायमची खूण, उदाहरणार्थ पुलाचा कोपरा. तिथून सुरुवातीचा बिंदू, आणि मग प्रत्येक वळणाच्या बिंदूपर्यंत दिशा आणि अंतर. जीपीएसने फक्त पहिली खूण घ्यायची, बाकीचे बिंदू दिशा-अंतरावरून गणिताने येतात. त्यामुळे जीपीएसची चूक प्रत्येक कोपऱ्यात वेगवेगळी न पडता सगळा आकार एकत्र सरकतो.

होकायंत्राची दिशा असेल तर ती चुंबकीय उत्तरेपासून आहे की खऱ्या उत्तरेपासून, हे लिहिलेलं पाहिजे. गोव्यात हा फरक नगण्य, म्हणून आपल्या मुलांच्या ते डोक्यातच येत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे तो १५ अंशांच्या वर जातो. १५ अंशांची चूक म्हणजे १०० मीटर अंतरावर २६ मीटरचा फरक.

'४० पावलं' याचं मात्र नेमकं रूपांतर होत नाही. पावलाची लांबी गृहीत धरा, ती लिहून ठेवा आणि पॉलिगॉनला (नकाशावर काढलेल्या जागेच्या आकाराला) 'अंदाजे' असा दर्जा द्या. चिंच तोडली गेली असेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. त्याला सॉफ्टवेअर नाही.

९. मोबाईलवरच्या फॉर्मवर विश्वास ठेवावा का? रेंज नसेल, पाऊस असेल तर?

फॉर्म ऑफलाइन भरता येतात आणि रेंज आली की वर जातात. तो प्रश्न सुटलेला आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, दाट झाडीत तो बिघडतो. म्हणून अचूकतेचा आकडाही फॉर्ममध्ये आपोआप नोंदला जाईल असं करा आणि ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर फॉर्म पुढे जाऊच देऊ नका. कोणता फोन, कोणता जीपीएस संच, हाही रकाना हवा. तो कशाला, ते १९ मध्ये.

जमिनीची हद्द 'चालत फिरून' नोंदवण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. संशयित जागेभोवती ती वापरायची नाही. सुरक्षित जागी उभं राहून लेझर अंतरमापक आणि दिशा घ्यायची. प्रत्यक्ष शोधाच्या पट्ट्यांची आखणीही फोनवर होत नाही, ती टेप आणि खुंट्यांनीच होते.

१०. ओळखीच्याने व्हॉट्सॲपवर लोकेशनचा पिन पाठवला. तो डेटाबेसमध्ये घालू का?

निश्चित जागा म्हणून नाही. बातमी म्हणून घाला, पाठवणाऱ्याचं नाव गुप्त रकान्यात, आणि 'पडताळणी बाकी' असं लिहा. बरेचदा पिन धोक्याच्या जागेचा नसतो, पाठवणारा उभा होता तिथला असतो. आणि खात्री करायला त्याला पुन्हा तिकडे पाठवू नका.

११. गावांची नावं दरवेळी वेगळी लिहिलेली सापडतात. एकत्र कशी करायची?

गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. पणजीचं रोमन लिपीतलं नाव किती प्रकारे छापलेलं पाहिलंय आठवा. अंगोलात क्वितो शहराचं नाव कधी 'के'ने लिहितात, कधी 'सी'ने, आणि स्वरावरची खूण असते किंवा नसते. संगणकाला ही चार गावं. उपाय एकच: नावावर जोडणी करू नका. सरकारी स्थळ-कोड वापरा, नावांसाठी उपनामांचं वेगळं टेबल ठेवा.

१२. अहवालातलं क्षेत्रफळ आणि नकाशातल्या पॉलिगॉनचं क्षेत्रफळ जुळत नाही. कोणतं खरं?

आधी प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) बघा. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटरमध्ये असतात आणि त्यात क्षेत्रफळ फुगतं. गोव्याच्या अक्षांशावर साधारण ८ टक्के, वाम्बोला ५ टक्के, आणि कीव्हच्या अक्षांशावर जवळजवळ अडीचपट. आपल्याकडे शिकलेला माणूस 'चालतंय की' म्हणत पुढे जातो आणि युक्रेनच्या डेटावर तोंडघशी पडतो. क्षेत्रफळ यूटीएममध्ये किंवा पृथ्वीच्या गोलाईवर मोजा.

तरीही फरक राहिला तर कारणं साधी असतात. उतारावर टेपने मोजलं की आकडा मोठा येतो. दोन संस्थांचे पॉलिगॉन एकमेकांवर चढलेले असतात. किंवा कोपऱ्यांचा क्रम चुकून पॉलिगॉनला पीळ पडलेला असतो. माझं मत असं की दोन्ही आकडे ठेवावेत, मोजलेला आणि कळवलेला, आणि ठरावीक टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर नोंद मंजुरीच्या आधी अडवावी. कळवलेला आकडा गुपचूप 'दुरुस्त' करू नये, कारण त्यावर पैसे दिले गेलेले असतात.

१३. आपल्यासारख्या जांभ्याच्या जमिनीत डिटेक्टर चालतो का? त्याचा डेटाबेसशी काय संबंध?

चालतो, पण छळतो. जांभ्यात लोहाची खनिजं भरपूर असतात आणि त्यांतली काही चुंबकीय असतात. त्यामुळे साधा डिटेक्टर सुरुंग नसतानाही वाजत राहतो. अंगोला, मोझांबिक आणि कंबोडियातही अशी तांबडी माती आहे. अशा मातीचा परिणाम कमी करणारे डिटेक्टर निघाले आहेत, तरी कामाचा वेग मंदावतोच.

म्हणून मातीचा प्रकार, उतार, झाडी आणि वापरलेलं उपकरण हे रकाने ऐच्छिक ठेवू नका. दोन पथकांच्या चौरस मीटरची तुलना करताना एक वाळूत आणि दुसरं जांभ्यात काम करत होतं हे दिसलं नाही, तर चांगल्या पथकावर अन्याय होतो. त्याहून वाईट म्हणजे ते घाई करायला लागतं.

१४. नकाशावर आमच्या भागात लाल काहीच नाही. म्हणजे जमीन सुरक्षित ना?

नाही! हा सगळ्यांत महत्त्वाचा गैरसमज.

नकाशावरच्या कोऱ्या जागेचे निदान तीन अर्थ होतात. तिथे कोणी गेलंच नाही. तिथे गेले, विचारलं, आणि धोक्याचा पुरावा मिळाला नाही. किंवा तिथे धोका होता आणि तो काढला. तिन्ही एकाच पांढऱ्या रंगात दिसतात, आणि पहिला अर्थ माणूस मारू शकतो. युद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत पाहणी पथकं रस्ता होता तिथपर्यंतच पोचलेली असतात. कोरी जागा बहुधा रस्त्यापासून लांबची असते, म्हणजे नेमकी सरपण आणायला जायची.

त्यामुळे धोक्याच्या जागांइतकंच 'कुठे पाहणी झाली' याचंही टेबल लागतं: गाव, तारीख, कोणी विचारलं, कोणाला विचारलं, आणि उत्तर 'धोका माहीत नाही' असेल तर तेही. बायकांना विचारलं का, गुराख्यांना विचारलं का? नुसत्या मुखियाशी बोलून केलेली पाहणी अर्धीच, कारण तो रानात जात नाही. हे रकाने भरले असतील तर नकाशावर न पाहिलेला भाग वेगळ्या छटेने दाखवता येतो. देणगीदारांना तो नकाशा आवडत नाही, कारण त्यात बरंच करडं दिसतं. तरी तोच दाखवावा.

सुरुंगग्रस्त देशात जाणाऱ्याने तर नकाशापेक्षा स्थानिक पथकाचं आणि गावकऱ्यांचं ऐकावं. वापरातली वाट सोडू नये, आणि अर्धा लाल अर्धा पांढरा रंगवलेला दगड दिसला तर लाल बाजूकडे पाऊल टाकू नये.

१५. जागा साफ झाली की नोंद पुसून टाकायची ना?

नाही. स्थिती बदलते, नोंद राहते. कारण २ आणि १९ मध्ये.

१६. हे सगळे नकाशे लोकांसाठी खुले का करत नाहीत?

काही देश करतात, आणि धोक्याच्या जागा खुल्या असाव्यात असंच मला वाटतं. ज्याच्या शेतात सुरुंग आहे त्याच्यापासून ते लपवण्यात अर्थ नाही. पण सगळं खुलं करता येत नाही. जखमी झालेल्यांची नावं, वय, इजा ही खासगी बाब आहे. लहान गावात नाव काढून टाकलं तरी 'एक पाय गमावलेली, वय अमुक' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. माहिती देणाऱ्याचं नावही गुप्तच हवं. युद्ध चालू असेल तर कुठे शस्त्रसाठा सापडला हे कोणाच्या हाती पडेल याचा विचार लागतो. स्फोटकं उकरून विकणारेही असतात. म्हणून एकाच डेटाबेसवर वेगवेगळ्या परवानग्या असतात.

१७. ड्रोन आणि एआय आल्यावर हे सगळं जुनं होणार नाही का?

ड्रोनची छायाचित्रं पाहणीला खरोखर उपयोगी पडतात. खंदक, स्फोटाचे खड्डे, पडीक राहिलेले शेताचे पट्टे वरून दिसतात. संगणक त्यांतून संशयाच्या जागा सुचवू शकतो. पण ती सुचवण पुराव्याच्या रकान्यात 'छायाचित्रावरून' म्हणून जाते. तिच्यावरून कोणी जमीन साफ जाहीर करत नाही.

१८. पुरात सुरुंग वाहून गेले तर नकाशाचं काय करायचं?

ही काल्पनिक गोष्ट नाही. २००० च्या पुरात मोझांबिकमध्ये आणि मे २०१४ मध्ये बोस्नियात हेच झालं. बोस्नियात दरडी कोसळल्या, सुरुंग सरकले आणि धोक्याचे फलकही वाहून गेले. प्लॅस्टिक किंवा लाकडी पेटीतले सुरुंग हलके असतात, पाण्याबरोबर ते सहज जातात.

मोह होतो तो जुना पॉलिगॉन ओढून मोठा करण्याचा. तसं करू नका. तो पुरापूर्वीच्या पुराव्यावर काढलेला आहे, तो तसाच राहू द्या. सगळे सुरुंग वाहून गेले असतील याची काहीच खात्री नसते. पुराचं पाणी कुठवर गेलं ते उपग्रहचित्रांवरून घ्या, जमिनीच्या उंचीच्या मॉडेलवरून प्रवाहाची दिशा काढा आणि खालच्या अंगाला, जिथे गाळ साचतो त्या वळणांवर, नवीन संशयित जागा नोंदवा. कारण 'पूर', आणि मूळ जागेच्या क्रमांकाशी जोडणी. पूर्वी साफ केलेली जमीन या पट्ट्यात येत असेल तर तिची जुनी नोंद न बदलता तिच्यावर नवी संशयित जागा चढवा. एकाच जमिनीला 'साफ, २००९' आणि 'संशयित, २०१४' अशा दोन नोंदी दिसतील. दोन्ही खऱ्या आहेत.

१९. साफ करून ताब्यात दिलेल्या जमिनीत नंतर सुरुंग सापडला, तर?

काम थांबवायचं, जागा खुणा लावून बंद करायची, जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना कळवायचं. मग डेटाबेस उघडायचा. जुना पूर्णता अहवाल कोणी 'सुधारू' नये म्हणून तो आधी कुलूपबंद करायचा. सापडलेल्या सुरुंगाची नवी नोंद होते आणि ती अहवालाला जोडली जाते.

चौकशीत तीन शक्यता तपासतात. पहिली, सुरुंग साफ केलेल्या पॉलिगॉनच्या बाहेर होता आणि नकाशा सरकलेला असल्यामुळे आत दिसतो. दुसरी, तो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली होता. शोध ठरावीक खोलीपर्यंतच होतो, आणि ती खोली अहवालात लिहिलेली असावी लागते. तिसरी, तो आत होता, खोलीतही होता, आणि सुटला. कोणत्या पट्टीत, कोणत्या दिवशी, कोणत्या डिटेक्टरने काम झालं आणि नंतरच्या तपासणीत त्या भागातला नमुना घेतला होता का, हे तेव्हा बघावं लागतं.

जमीन शोधून साफ केलेली नसून रद्द किंवा कमी केलेली असेल (प्रश्न ३) तर प्रश्न पुराव्याचा होतो. कोणाच्या सांगण्यावरून सोडली, आणि त्याच माणसाच्या सांगण्यावरून आणखी कुठली जमीन सोडली आहे का?

सर्वांत जास्त पसरते ती पहिली शक्यता. नकाशा एका जागी सरकला असेल तर त्याच जीपीएस संचाने त्या काळात मोजलेले बाकीचे पॉलिगॉनही सरकलेले असू शकतात. ते सगळे काढून जमिनीवर पुन्हा मोजावे लागतात. यादी एका क्वेरीत निघते, पण संचाचा क्रमांक फॉर्ममध्ये भरलेला असेल तरच.